नकाशातली सरळ रेघ

बाबा, उद्या आपल्या पाड्यावर ग्रामसभा आहे आणि तिच्यात मला एक कागद वाचून दाखवायचा आहे. तू अडाणी होतास, असं त्या कागदात लिहिलंय. शब्द तो नाही, शब्द सरकारी आहेत: "तत्कालीन अध्यक्ष अशिक्षित असल्याने त्यांना नकाशाचे आकलन झाले नाही." वकील ताईंनी हे वाक्य लिहून दिलं. त्या ठाण्याहून येतात, आपल्याच बाजूच्या आहेत, कित्येक वर्षं संघटनेची कामं बघतात. त्या म्हणाल्या, एवढं वाक्य असलं की दुरुस्तीचा अर्ज अडत नाही, वर कुणी उलटं विचारत नाही. मला ते पटलंही. डोंगरातल्या एका म्हाताऱ्या ठाकराला नकाशा कळला नाही, हे वाचून कुणाला नवल वाटणार आहे?

शनिवारची दुपार आहे. शहापूरच्या आपल्या संघटनेच्या खोलीत एकटीच बसलेय, कापडाच्या दुकानामागच्या. तू लावून दिलेलं सगळं जवळपास तसंच आहे. दाव्यांच्या कागदांची पत्र्याची पेटी, भिंतीलगत गुंडाळलेल्या चटया आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन खुर्च्या. साहेब आला तरी तू त्याला चटई दाखवायचास आणि विचारायचास, "गुडघं दुखतात का साहेब?" तो नाही म्हणाला की बसला खाली. आता माझे दुखतात, पण त्या खुर्चीवर बसायला अजून मन होत नाही. समोर भिंतीवर काचेच्या चौकटीत आपल्या रानाचा नकाशा आहे. कोपऱ्यात तुझी सही, एकेक अक्षर विळ्यानं कोरल्यासारखं. रानाची हद्द नकाशात सगळीकडे वाकडी जाते, ओढ्याबरोबर वळते, कड्याला चिकटून खाली उतरते. फक्त पश्चिमेला, वरच्या अंगाला, बोटभर लांबीची एक रेघ पट्टीनं ओढल्यासारखी सरळ आहे. त्या रेघेबद्दल मी तुला एकदा खोटं सांगितलं. त्या खोट्यावर आज पाड्यातली माणसं तुला नावं ठेवतायत. म्हणून लिहायला बसले.

तुझ्या संघटनेत कुठलाही कागद तीनदा वाचल्याशिवाय त्यावर अंगठा उठत नसे. पहिल्यांदा मी सरळ वाचायचे. दुसऱ्यांदा थांबत थांबत, आणि मध्ये कुणीही बोलायचं. तिसऱ्या वेळी बसलेल्यांपैकी कुणीतरी उठायचं आणि कागद हातात न घेता तो आपल्या बोलीत सांगायचं. सांगताना काही सुटलं, किंवा कुणी "का?" म्हणून विचारलं आणि उत्तर आलं नाही, की पुन्हा पहिल्यापासून. बाहेरून मदतीला आलेली मंडळी घड्याळाकडे बघायची. मीही बघायचे. कल्याणच्या कॉलेजात शिकत होते, शनिवार-रविवारी येऊन तुझी लेखनिक व्हायचे, आणि मला मनातून वाटायचं की एवढा वेळ घालवून मिळतं काय. आता वाटतं, आपल्याला जे काही मिळालं ते त्या वेळातूनच मिळालं. पण हे मला कळायला तू नसावं लागलं.

पहिला अर्ज आठवतोय तुला? बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विहिरीसाठी तहसीलदारांना अर्ज लिहायचा होता. मी पाहिलेल्या अर्जांसारखाच लिहिला, "आम्ही अज्ञानी व गरीब आदिवासी आपल्या चरणी विनंती करतो की." पहिल्याच वाचनात तू हात वर केलास.

"अज्ञानी कोन?"

"लिहायची पद्धत असते बाबा."

"कोनाची पद्धत? इथं बसल्यात त्यांच्यात अज्ञानी कोन हाय ते दाखव. त्याला उभा कर, आन मंग लिव."

चाळीसेक माणसं माझ्याकडे बघत होती. मागून एक म्हातारी म्हणाली, "मी ऱ्हाते गो उभी. पन गरीब मनून ऱ्हाते, अज्ञानी मनून नाय." सगळे हसले. तू हसला नाहीस. मी तो शब्द खोडला, इतका की कागद तिथं फाटला. नवा कागद घेऊ का विचारलं तर म्हणालास, "ऱ्हाऊ दे. साहेबाला पन दिसंल आमी काय खोडलं ते." अर्ज तसाच गेला. विहीर काही आली नाही, पण तो प्रसंग मी पुढं कितीतरी शिबिरांत सांगितला, हसत, स्वतःवर विनोद करत. आणि काल वकील ताईंनी वाक्य वाचून दाखवलं तेव्हा मी नुसती मान हलवली.

मग वनहक्काचा कायदा आला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानात आपण सरपण आणतो, कंद खणतो, गुरं चारतो, त्या रानावर सगळ्या पाड्याचा मिळून हक्क मागता येतो, हे तू घरोघरी जाऊन सांगितलंस. वनहक्क समिती झाली, तिचा तू अध्यक्ष झालास. किन्हवलीवरून एसटीनं मुरबाडकडच्या पाड्यांवर जाऊ लागलास, तिथल्या लोकांनाही उभं केलंस. दाव्याला नकाशा लागत होता. मुंबईच्या एका संस्थेनं हद्द मोजायचं यंत्र आठ दिवसांसाठी दिलं, माझ्या सहीवर. मोबाइलएवढं, पिवळं-काळं, दोरीनं माझ्या गळ्यात. चालत राहिलं की ते वाट नोंदवत जातं, आणि बटण दाबून एकेक खूण घेता येते. आपल्यासारखे आणखी दोन पाडे त्याची वाट बघत होते.

निघायच्या आदल्या दिवशी तू शहापूरच्या बाजारातून माझ्यासाठी कॅनव्हासचे बूट आणलेस. स्वतः जन्मभर टायरच्या चपला घातल्यास. "मशीन त्यांचं, पन पाय तुझं हायेत," म्हणालास. "पाय धड पायजेत." माप तू कशावरून घेतलंस कोण जाणे, बूट दोन बोटं मोठे निघाले. मी तुला कळू दिलं नाही. पुढच्या टोकात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि घातले.

आता मी त्या दिवसात परत जाते तेव्हा सगळं समोर चालू असतं. सकाळ आहे, गवत सुकलेलं आहे, आपण वीसजण पाड्याची शीव फिरायला निघालोय. पुढे काका, तुझा धाकटा भाऊ, देवाचं सगळं तोच बघतो. त्याच्या मागे तू, तुझ्या मागे मी, आणि मागे बायांची रांग. जुन्या माणसांनी थांबायचं, जागेचं नाव घ्यायचं, तिथं काय होतं ते सांगायचं, मी वहीत लिहायचं आणि बटण दाबायचं. उंबराचा ओढा. रेडा पडला तो कडा. करवंदीचं टेपाड. काका यंत्राकडे वाकून बघतो.

"ही डबी काय करते गो?"

"आभाळातल्या उपग्रहाला विचारते काका, आपण कुठं आहोत ते."

"आभाळाला काय ठावं? मला इचार ना. मी इथंच हाय."

मागून एक बाई माझ्या बुटांना बोलते, "बूट फुडं गेलं गो, तू मागंच ऱ्हायलीस." मीही हसते. दुपारपर्यंत टाचा सोलल्या आहेत, पण मी कुणाला सांगत नाही.

मग आपण पश्चिमेच्या चढाला लागतो, देवाच्या रानापाशी. तिथं बाया जात नाहीत. शेंदराचा दगड आहे तिथं थांबतात आणि खालच्या वाटेनं वळसा घालून खिंडीत जातात. पुरुष चपला काढून आत जातात, आणि आत कुणी बोलत नाही, नाव तर घेतच नाही. आपल्या पाड्याचा झरा त्याच रानात उगवतो. तो खाली रानाबाहेर येतो तिथल्या खडकातून आम्ही हंडे भरायचो. आईनं, मी, आजीनं जन्मभर ते पाणी प्यायलं, पण त्याचं तोंड आमच्यातल्या कुणी पाहिलेलं नव्हतं. हद्द त्या रानाच्या वरून, डोंगराच्या धारेवरून जाते, हे पाड्यात सगळ्यांना माहीत होतं. मी दगडापाशी एक खूण घेतली, बॅटरी वाचवायला यंत्र बंद केलं, खालच्या वाटेनं खिंडीत गेले आणि तिथं यंत्र चालू करून दुसरी खूण घेतली. पुरुष धारेवरून फिरून आले. यंत्रानं दोन खुणा जोडल्या. अख्खं देवाचं रान आणि त्यातला झरा रेघेच्या पलीकडे राहिला.

मला हे दिसलं होतं का? हो, दिसलं होतं. घरी जाऊन हातानं काढून घेऊ असं तेव्हा मनाशी म्हटलं. मग दुसरा पाडा, तिसरा पाडा, यंत्र परत करायचा दिवस. हातानं काढायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, तेही मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. विसरले नव्हते. ते काम बाकी आहे हे ठाऊक होतं आणि दिवस जात होते.

नकाशा छापून आला त्या सकाळी तू चुलीपाशी बसला होतास. आई नाचणीच्या भाकऱ्या थापत होती. मी पाटावर नकाशा पसरला आणि तू नेहमीप्रमाणे म्हणालास, "वाच." मी म्हटलं, नकाशा वाचत नाहीत, बघतात. तू म्हणालास, "मंग तीनदा कसा सांगनार सभेला? वाच." म्हणून मी बोट ठेवून वाचत गेले, उंबराच्या ओढ्यापासून रेडा पडल्या कड्यापर्यंत, तिथून करवंदीच्या टेपाडापर्यंत. तू डोळे मिटून ऐकत होतास, मान हलवत होतास, जणू पायांनी चालतोयस. मग मी म्हटलं, "शेंदराच्या दगडापासून खिंडीपर्यंत." तू डोळे उघडलेस. बोटाच्या पेरानं ती रेघ चाचपलीस.

"ही एवढी सरळ कशी गो?"

मी नकाशाची दुमडलेली कड सपाट करत राहिले.

"डोंगरात एवढं सरळ काय नसतं. बघ की, बाकी सगळी वाकडी हाय, हीच कशी अशी?"

"मशीननं काढलीय बाबा. वरून, आभाळातून तसंच दिसतं."

"देव हाय ना आत?"

"हो. आहे."

आई भाकरी उलटताना थांबली होती, एवढं आठवतं. तू बोट रेघेवरून उचललंस. मग म्हणालास, "तू चाललीस ना सगळी शीव? मंग झालं." सभेत नकाशा तीनदा सांगितला गेला. पहिल्या दोन्ही वेळा तिथं आल्यावर मी "देवाच्या रानावरून" असं वाचलं, आणि तिसऱ्यांदा सांगायला काका उठला, त्यानंही तसंच सांगितलं. कागदावर तसं नव्हतं. तू सही केलीस. आपल्या पाड्यात नकाशाची चूक बोटानं ओळखलेला एकच माणूस होता, आणि उद्याच्या कागदात त्याचंच नाव आहे, आकलन न झालेला म्हणून.

अधिकारपत्र आलं तेव्हा तू ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून घराच्या आढ्याला टांगलंस, उंदरांच्या भीतीनं. दोन पावसाळे त्याच्याखाली झोपलास. मग छातीत पाणी झालं आणि गेलास. मी तेव्हा मनात काय म्हटलं ते खरं लिहायचं तर, दुःखाच्या तळाशी कुठंतरी थोडं सुटल्यासारखंही वाटलं, की आता ती रेघ कुणी विचारणार नाही. हे मी वहीतही कधी लिहिलं नव्हतं.

विचारलं ते गेल्या हिवाळ्यात. धरणातून शहराकडे जाणाऱ्या नव्या पाइपलाइनसाठी आपल्या डोंगरातून अवजड गाड्यांचा रस्ता काढायचा ठरला. आपल्याकडे फेब्रुवारीपासून टँकर येतो आणि डोंगराच्या पोटातून शहराला पाणी जातं, यात नवीन काही नाही, तू यावर किती बोललास. पण या वेळी आपण निर्धास्त होतो. हक्काच्या रानातून रस्ता न्यायचा तर ग्रामसभेची संमती लागते, आणि ती आपण देणार नव्हतो. कार्यालयात साहेब अगदी नीट बोलला. त्यानं आपलाच नकाशा टेबलावर पसरला, सरळ रेघेच्या वर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ताई, रस्ता इथून जातो. हे तुमच्या हद्दीबाहेर आहे. नकाशा तुमचाच ना?" सोबत आपली दहाजणं होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नकाशा आमचाच आहे."

तीन दिवसांत रान पडलं. सगळं नाही, खालचा अर्धा भाग. पोकलेन चालत होतं तेव्हा बाया शेंदराच्या दगडापाशी उभ्या होत्या, जिथं जन्मभर थांबल्या तिथंच. समोर झाडीच उरली नव्हती म्हणून झरा दिसायला लागला. ओल्या दगडांची एक कपार, एवढीच. तिच्यात मुरूम ढासळत होता. आईनं पदर डोळ्यांवर ओढला. मग एकेक करत सगळ्याच बायांनी तोंडं फिरवली. कुणी रडलं नाही की आरडाओरडा केला नाही. जे बघायचं नसतं ते उघडं पडलं होतं आणि बाया रस्त्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या होत्या. मीही पाठ केली, पण मी त्याआधी बघून घेतलं होतं. नकाशात तो झरा कुठं यायला हवा होता ते मनात मोजत होते.

आता खडकातून बोटभर धार येते, तीही गढूळ. टँकरची गाडी खालच्या वळणापर्यंतच येते. यंदा माणसं वीटभट्टीवर नेहमीपेक्षा लवकर गेली, म्हातारी आणि पोरं तेवढी उरली. जी उरली त्यांच्यात एकच बोलणं. काका सभेत उठून म्हणाला, "माझ्या भावानं देव भायेर ठेवला. सही त्याची हाय." तो रागानं बोलला नाही, खाली बघत बोलला, त्यानं जास्त लागलं. टँकरच्या रांगेत आईला एका बाईनं विचारलं, "देव इकून काय काय घेतलं गो म्हाताऱ्यानं? बुटांचा जोड तं घेतला व्हता ना पोरीला?" तेव्हापासून आई टँकरवर जात नाही. शेजारची सून तिचा हंडा भरून देते. मागच्या आठवड्यात घरी गेले तर आई चुलीपाशी बसली होती. भाकरी थापली नव्हती, पीठ तसंच परातीत. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू तं व्हतीस ना तिथं? तवा त्यानं इचारलं व्हतं तुला. मी ऐकलं व्हतं." मी पाणी प्यायला उठले. परत येईपर्यंत तिनं पीठ मळायला घेतलं होतं.

दुरुस्तीचा अर्ज म्हणूनच करायचाय. वरचं अर्धं रान अजून उभं आहे. रस्त्याचा दुसरा टप्पा तिथून जाणार आहे. हद्द नकाशात धारेपर्यंत गेली तर तो अडवता येईल, झऱ्याचं वरचं पाणी वाचेल. अर्जासोबत चूक कशी झाली याचा जबाब लागतो. वकील ताईंना मी मागच्या आठवड्यात खरं सांगून पाहिलं, म्हणजे निम्मं. मोजणी माझी होती, असं म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मोजणी करणाऱ्या कार्यकर्तीचीच चूक असं लिहिलं तर समोरचे म्हणतील, हिचे बाकीचे नकाशे तरी खरे कशावरून? मुरबाडकडच्या पाड्यांचे दावे तूच केलेस ना?" मीच केलेत. ते सगळे मी पायांनी चाललेय, एकेक ओढा, एक जागाही सोडली नाही, कदाचित या एका रेघेमुळेच. पण ते कोण मानणार? माझ्या एका खऱ्या वाक्यानं तिथल्या लोकांच्या डोक्यावरचं छप्पर हलणार असेल, तर ते बोलायचा मला काय अधिकार? आणि ते न बोलायची ही सोयीची सबब तर नाही ना? तू असतास तर म्हणाला असतास, मुरबाडच्या लोकांना पन बोलव, त्यांच्यासमोर सांग, ते ठरवतील. एवढं सुचायला मला आठ दिवस लागले. उद्या मुरबाडकडचे चौघे येतायत. मी त्यांना निरोप धाडलाय, का ते कळवलेलं नाही.

सकाळी मी जुनी वही काढली. शीव फिरलो त्या दिवसाचं पान एका ओळीचं आहे: "शीव पूर्ण. टाचा सोलल्या. मशीन व्यवस्थित." इतकी वर्षं मी स्वतःला कारणं देत आलेय. बाईनं आत जायचं नसतं, ही रीत. बूट मोठे होते, पाय चालत नव्हते. यंत्र परत करायचं होतं. सगळी कारणं खरी आहेत. पण मशीन व्यवस्थित, हे मी का लिहिलं, ते मला ठाऊक आहे.

आणि आत्ता, हे लिहिता लिहिता, मी वकील ताईंचं वाक्य खोडलं. त्याखाली लिहिलं: "देवाच्या रानात यंत्र नेले नाही. तेवढी हद्द चालून मोजलेली नाही. अध्यक्षांना नकाशा समजला होता. त्यांनी या रेघेबद्दल मला विचारले होते. मी त्यांना खोटे सांगितले, सभेलाही खोटे वाचून दाखवले." उद्या हे तीनदा वाचायचंय. तिसऱ्यांदा सांगायला काकाला उठवावं, असं मनात आहे. तो मध्येच थांबून विचारेल, यंत्र आत का नाय नेलं, तुला बंदी होती, आम्हाला तर नव्हती. त्या "का"चं उत्तर जबाबात नाही. तिथं ते तोंडातून निघेल की नाही, मला खरंच माहीत नाही. म्हणून आधी तुला लिहिते. हे पान वहीतच राहील.

त्या दिवशी काका आणि बाकीचे झाडीत शिरले होते. बाया खालच्या वाटेला लागल्या होत्या. तू चपला काढून दोन पावलं गेलास आणि परत फिरलास. माझ्यासमोर येऊन हात पुढं केलास. "आन इकडं ती डबी. मी नेतो. काय दाबायचं ते सांग फकस्त." तुझ्या तळहाताला झाडाचा चीक लागलेला होता. मी यंत्र छातीशी धरलं. तू ते पाडशील, भलतंच काही दाबशील, बिघडवशील, मग मुंबईच्या लोकांना मी काय तोंड दाखवू, असं मला वाटलं. आपल्या माणसांच्या हाती आपलं काम असावं म्हणून ज्यानं संघटना उभी केली, त्याच्या हातात मी ती डबी देऊ शकले नाही. मी म्हटलं, "नको बाबा, तुला नाय जमायचं. त्याला इथूनच दिसतं सगळं."

तुझा हात तसाच पुढं होता. तू म्हणालास, "मंग पानी तं दे."

मी बाटली दिली. तू एक घोट घेतलास, झाकण लावलंस आणि परत माझ्या हातात दिलीस. तू झऱ्याकडेच चालला होतास बाबा. डोंगरातलं सगळ्यात गार पाणी शंभर पावलांवर होतं. तुला तहान नव्हती, पुढं केलेल्या हाताला काहीतरी हवं होतं.

पाण्याचं मी जबाबात लिहिलेलं नाही.